कंसातलं ‘बाहेरून’

गीता हाटे बाईंचा राग महाडमध्ये कोणाला नवा नाही. नाते गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला, आणि तेवढ्या वर्षांत प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहिण्याची एकाही पोराची दुसऱ्यांदा छाती झाली नाही. "कंस वाचलास का?" एवढंच त्या विचारायच्या, की पोरगा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायचा. प्रश्नाच्या शेवटी कंसात ‘कोणतेही दोन’ असं लिहिलेलं असतं आणि हे महाशय पाचही लिहून मोकळे. त्याच बाईंनी स्वतःच्या सहलीची पुस्तिका मात्र कंस न वाचता मिटून ठेवली. आता काय म्हणावं या कर्माला!

त्याचं झालं असं. निवृत्तीनंतर बाईंनी स्पेन-पोर्तुगालची सहल ठरवली. महाड-पोलादपूरचे मिळून अठ्ठावीस जण, एका ट्रॅव्हल्सवाल्याने जमवलेले, बहुतेक सगळे निवृत्त. पुस्तिका घरी आली तेव्हा बाईंच्या आईने, बनुबाईने, ती आधी मांडीवर घेतली. बनुबाईचं वय शहाऐंशी. अक्षर एक येत नाही, पण चित्रं अगदी डोळ्यांशी नेऊन बघते. पानं उलटता उलटता तिचं बोट एका चित्रावर थांबलं. समुद्राच्या काठाला खेटून वसलेलं शहर, आणि त्यात पिवळ्या घुमटाचं भलंमोठं देऊळ. बाईंनी सांगितलं की हे कादिझ, जवळजवळ चहूबाजूंनी समुद्र, तीन हजार वर्षांचं जुनं शहर, आणि ते देऊळ नाही, चर्च आहे. बनुबाईला तीन हजार वर्षांचं काही पडलेलं नव्हतं.

"आत काय हाय?" तिने विचारलं.

बाईंना सांगता येईना. पण म्हातारीने हेच का विचारलं ते त्यांना बरोबर कळलं. बनुबाईच्या माहेरी, घाटाखालच्या एका वाडीत, तिचा बाप सणासुदीला देवळापुढे ढोल वाजवायचा. बाप वाजवायचा आणि ही पाच-सहा वर्षांची पोर त्याचं धोतर धरून अंगणाच्या कडेला उभी. तिथून पायऱ्या दिसायच्या, उंबरा दिसायचा, आणि त्यापुढे नुसता काळोख. पुढे देव सोडले, धम्म घेतला, दिवस पालटले. चाळीसेक वर्षांनी त्याच गावचे लोक म्हणायला लागले, या की आत, आता कोण अडवतंय. बनुबाई गेली नाही. देव तिला नकोच होता. पण लहानपणी आत काय असतं ते बघायचं राहिलं ते राहिलंच, आणि त्याचा राग ती अजून पोसून आहे.

"तू आत जा गो," ती म्हणाली. "नीट बघ नि मला येऊन सांग. बायेरनं बघितलेलं मला सांगू नको. बायेरनं मी लय बघितलंय."

बाईंनी शब्द दिला. चित्राखाली बारीक टायपात कंसामध्ये ‘बाहेरून’ असं छापलेलं होतं. ते त्यांनी वाचलं नाही.

सेव्हिलहून निघालेली बस सकाळी दहाच्या सुमारास कादिझला पोचली. टूर मॅनेजर सुशांत हा पुण्याचा, तिशीचा पोरगा. मिटलेली छत्री उंच धरून तो असा सुटला की जणू मागे कुत्रं लागलंय. बंदर चालता चालता दाखवलं, मासळीबाजार दारातून दाखवला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतल्या बायकांनी वाटीभर साखर हातोहात द्यावी. घरांच्या गच्च्यांवर जुन्या व्यापाऱ्यांनी मनोरे बांधलेले, आपलं जहाज येतंय का ते बघायला. ते बघायला मान वर करावी तर सुशांत पुढच्या वळणावर दिसेनासा व्हायचा. रोमन काळातलं नाटकघर लागलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, तेही जाता जाता. बाईंच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. एरवी त्यांनी त्या पोराला तिथेच झापला असता, पण सगळं चित्त पुढच्या घुमटात अडकलेलं, म्हणून गप्प राहिल्या.

शेवटी चौकात आले. समोर ते चर्च. बांधायला शंभरावर वर्षं लागली, म्हणून खालचा दगड काळपट आणि वरचा पांढरा. मोठ्या दरवाजाच्या बाजूला तिकिटाची खिडकी होती आणि माणसं सुखाने आत जात होती.

"हे कॅथेड्रल," सुशांत म्हणाला. "हे आपल्याला बाहेरून आहे. चाळीस मिनिटं देतोय. फोटो काढा, कॉफी घ्या, बारा वाजता सगळे बसमध्ये."

बाहेरून आहे म्हणे! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर त्या पोराच्या मनात काही नव्हतं. माद्रिदचा राजवाडा बाहेरून, फुटबॉलचं स्टेडियम बाहेरून, रोज दोनदा तो हेच म्हणायचा आणि बाईही मान डोलवायच्या. पण आज तो शब्द कानात शिसं ओतल्यासारखा शिरला. त्यांनी जाब विचारला. सुशांतने शांतपणे पुस्तिका उघडली आणि त्या कंसावर अंगठा ठेवला. पोरगा बरोबर निघाला, चूक आपली, म्हटल्यावर बाई दुप्पट भडकल्या. तिकीट मी माझं काढते, दार उघडं आहे, तुझं काय जातंय, असं त्या म्हणाल्या. एक गेला की सगळे जातील, पुढे मलागा शहरात जेवण ठरलंय, ग्रुप मोडता येणार नाही, असं तो म्हणाला. दोघांचाही आवाज चढला आणि माणसं गोळा झाली.

त्यात पोलादपूरचे मालोजी सकपाळ पुढे आले. मराठ्याचं घर, घरची जमीन, पतपेढीतली जुनी खुर्ची, आणि पोलादपुरात आपण बोललो की बोलणं संपतं अशी सवय. त्यांनी समजूत घालायच्या सुरात, थोडं हसतच, सांगितलं.

"जाऊ द्या हो बाई. आतून काय नि बाहेरून काय, चर्चच ते. तुम्हा लोकांना ना, जिथे तिथे अन्यायच दिसतो."

चौकात एवढी गर्दी, पण या अठ्ठावीस जणांत चिडीचूप झालं. ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. एकट्या सुशांतला कळलं नाही. बाकीचे कोणी घुमटाकडे बघायला लागले, कोणी बुटाच्या नाड्यांकडे. दहा दिवस एका ताटात जेवलेली माणसं, पण एकाच्या तोंडून ‘मालोजीराव, असं बोलू नका’ एवढं निघालं नाही. बाईंना जास्त लागलं ते हे.

"मालोजीराव," बाई म्हणाल्या, आणि आवाज मुद्दाम खाली ठेवला, "मी कुठल्या लोकांतली ते बरोबर ओळखलंत. बाहेरून बघायचं ते आमच्या वाटणीचं बघून झालंय. माझ्या आजोबांनी बघितलं, आईने बघितलं. मी आत चाललेय. बस सोडायची तर खुशाल सोडा."

आणि त्या वळल्या. तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. मालोजींची बायको, जानकीबाई. साऱ्या सहलीभर नवऱ्याची टोपी, नवऱ्याची पाण्याची बाटली आणि नवऱ्याच्या गोळ्या सांभाळत मागून चालणारी बाई. "मीपण येऊ का?" असं ती म्हणाली, पण कोणाकडे बघून ते समजेना. मालोजी नुसतं "कुठं?" म्हणाले. ती जागच्या जागी थांबली. गीताबाईंनी ते बघितलं, पण डोकं पेटलेलं होतं. त्या थांबल्या नाहीत.

खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं नाही की गाव. तिकीट दिलं आणि कानाला लावून ऐकायचं यंत्र दिलं. आत गारवा. चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत असे खांब. आणि वर, छताखाली, जाळ्या ताणलेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने दगड खाल्ला जातो, त्याचे टवके पडतात, ते अडवायला जाळ्या, असं यंत्राने सांगितलं. एकवीस सालच्या पुरानंतर बाईंच्या महाडच्या घरातल्या भिंतींना अशीच पापडी सुटली होती. मग त्या तळघरात उतरल्या. ते समुद्राच्या पातळीच्याही खाली. मधोमध गोल खोली आणि डोक्यावर दगडाचं सपाट छत, इतकं सपाट की ते कशावर उभं आहे तेच समजेना. कोणी नाही असं बघून बाई हळूच "आये" म्हणाल्या. चहूकडून तेच परत आलं. त्यांना रडू फुटलं आणि रडू फुटलं म्हणून रागही आला. मग डोळे पुसून त्यांनी सगळं धड्यासारखं पाठ केलं, खांब, जाळ्या, पायऱ्या, छत.

बसमध्ये चढल्या तेव्हा साडेबारा होत होते. सगळे बसलेले. सुशांतने मोबाइलवर वरिष्ठांना काहीतरी लिहिलं. बस सुटली. पलीकडच्या सीटवरून जानकीबाई वाकल्या आणि नवऱ्याला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, आत काय होतं हो?"

बाईंचं रक्त अजून उकळत होतं. "तिकीट काढून बघायचं होतंत," त्या म्हणाल्या, चांगलं चार सीटांना ऐकू जाईल असं.

मालोजी मोठ्याने हसले. जानकीबाईंनी तोंड खिडकीकडे केलं. उरलेले चार दिवस त्या बाईंशी बोलल्या नाहीत, आणि बाईंनीही विचारपूस केली नाही.

महाडच्या घरी बॅगा उघडायच्या आधी बनुबाईने विचारलं, आत गेलीस काय. बाई तिच्यासमोर खाटेवर मांडी घालून बसल्या आणि सांगायला लागल्या. म्हातारी कानामागे हात धरून ऐकत होती. जाळ्यांचं ऐकून म्हणाली, देवाच्या घराला बी पापडी सुटते व्हय, आणि खुश झाली. मग खाली एक खोली आहे, तिचं मागाहून सांगते, म्हणत बाईंनी आधी भांडण सांगितलं, अगदी रंगवून. मालोजी काय बोलला, आपण कसं तोंडावर उत्तर दिलं. म्हातारीने मालोजीला दोन शेलक्या शिव्या हासडल्या. बाईंना आणखी चेव आला आणि त्या ओघात त्यांनी बसमधलंही सांगून टाकलं. आली होती त्याची बायको विचारायला, आत काय होतं म्हणून, म्हटलं, तिकीट काढून बघायचं होतंत.

म्हातारी हसली नाही.

"ती तुझ्या मागनं निघाली व्हती?"

"निघाली होती. नवऱ्याने थांबवली."

"नि मंग बसमधे तिनं इचारलं, आत काय हाय."

बाई खाटेवरची चादर सारखी करायला लागल्या.

"मी इचारलं तेच तिनं इचारलं," बनुबाई म्हणाली. "नि तू तिला बायेरच ठेवलीस."

आता बाईही उसळल्या. हे काय भलतंच, त्या म्हणाल्या. ते सकपाळ. त्यांना कुठलं दार बंद होतं आजवर? आणि तिच्या नवऱ्याने चारचौघांत माझी जात काढली, तेव्हा ही बाई शेजारी उभी राहून ऐकत होती, ते विसरायचं? सगळं मी तुझ्यासाठी केलं, परक्या मुलखात भांडले, अठ्ठावीस माणसांच्या डोळ्यांवर आले, आणि तू मलाच बोलतेस?

"त्यानं म्हटलं," म्हातारी म्हणाली. "तिनं नाय म्हटलं. ती तुझ्या मागनं आली." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. "खालच्या खोलीचं ऱ्हायलंय, ते मला नको सांगू. आधी तिला सांग."

त्या दिवशी कशीबशी जेवणं झाली. बाईंनी भांडी आपटली, ओटा दोनदा पुसला, बॅगेतले कपडे फराफरा बाहेर काढले. राग आईचा होता, मालोजीचा होता, आणि कुठेतरी खोल स्वतःचा, तो तर भयंकर. बसमधलं ते खिडकीकडे वळलेलं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. संध्याकाळी चारच्या चहाला त्यांनी मोबाइल हातात घेतला. सहलीच्या ग्रुपमध्ये जानकीबाईंचा नंबरच नव्हता. नवरा-बायको मिळून नंबर एकच, मालोजींचा. बाईंनी दात आवळले आणि तो लावला. खाटेवर म्हातारी कूस बदलून बाईंकडे तोंड करून पडली.

"बोला बाई," मालोजींचा आवाज आला, तेच हसू मिसळलेला. "आज कसं काय काम काढलंत?"

"तुमच्याकडे काही काम नाही, मालोजीराव. फोन जानकीबाईंना द्या."

"ती कामात आहे. काय ते मला सांगा, मी सांगतो तिला."

"तुम्ही नका सांगू," बाई म्हणाल्या. "त्यांचं काम होऊ दे. मी फोन धरून थांबते."