मागचा जोडीदार

चढ संपला तिथे ज्योत्स्नाने ब्रेक दाबला आणि एक पाय डांबरावर टेकवला. सायकल तिच्या नवऱ्याची, भूपेंद्रची होती. सीट चार बोटं खाली घेतली तरी तिला ती उंचच पडत होती. मागून हितेंद्र आला. जळगाव सोडल्यापासून तो तिच्या मागेच होता, आणि एवढ्या अंतरात दोघांचं बोलणं पाणी प्यायला थांबण्यापुरतंच झालं होतं.

"इथेच ना?" तिने विचारलं.

"थोडं पुढे. ते निंबाचं झाड आहे ना, त्याच्या अलीकडे."

हा रस्ता हितेंद्रनेच शोधून काढला होता. हायवेवरच्या ट्रकांना कंटाळून त्याने एरंडोलच्या पलीकडचा, पद्मालयाच्या टेकड्यांना वळसा घालणारा हा अरुंद रस्ता धरला आणि मग दर रविवारी पाच-सहा जणांचा ग्रुप इकडे येऊ लागला. वाहन क्वचित. दोन्ही बाजूंना दादर ज्वारी, हरभरा, बांधावर रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. गेल्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दोघेच निघाले होते, तो आणि भूपेंद्र. परतताना भूपेंद्र पिकअपमधून दवाखान्यात गेला आणि तिथे डॉक्टरांनी त्याच्या छातीवर नुसता हात ठेवून मान हलवली.

झाडाच्या अलीकडे दोघं उतरली. रस्त्यावर काहीच नव्हतं. कडेच्या मुरमात मुंग्यांची रांग चालली होती. ज्योत्स्नाने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. ती कितीतरी वेळ खाली बघत होती.

"ते पडले तेव्हा तुम्ही किती पुढे होता?"

"फार तर शंभर पावलं," हितेंद्र म्हणाला. "सायकल पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर तो पडलेला."

"आणि लगेच वळलात."

"लगेच."

हे त्याने दवाखान्यात सांगितलं होतं, घरी भेटायला येणाऱ्यांना सांगितलं होतं, ग्रुपमधल्या एकेकाला सांगितलं होतं. इतक्यांदा, की आता सायकल पडल्याचा तो आवाज त्याला खरोखरच ऐकू यायचा.

"हितेंद्रभाऊ, एकदा नीट आठवून सांगा."

"वहिनी, वर्ष झालं. तेच तेच उगाळून तुम्हालाच त्रास होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो बाटलीचं झाकण फिरवत होता. बाटली रिकामी होती.

"बरं," ती म्हणाली आणि सायकल हाताने ढकलत झाडापलीकडच्या वस्तीकडे निघाली. दहा-बारा घरं होती. हितेंद्रला वाटलं, पाणी मागायला चालली असेल. तो मागोमाग गेला.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ज्योत्स्नाला बघून तिने सूप बाजूला सारलं.

"आज सायकलवर उनी का माय? इतला लांब? मागला बखत तं गाडीमा उनी व्हती." मग घराकडे तोंड करून म्हणाली, "झुलाल, पानी आन रे. जळगाववाली बाई उनी शे."

हितेंद्र अंगणाच्या तोंडाशी थांबला. ज्योत्स्नाने सायकल भिंतीला टेकवली. ती सवयीने ओट्याच्या डाव्या बाजूला बसली आणि सुपातली मूठभर तूर घेऊन सोलू लागली.

"या मंदाबाई," ती म्हणाली. "शेवटी यांच्याच मांडीवर डोकं होतं त्यांचं."

आतून तांब्या घेऊन एक चाळिशीचा माणूस आला. हितेंद्रला बघताच तो उंबऱ्यातच थबकला. हितेंद्रनेही त्याला ओळखलं. दवाखान्यात हा माणूस पिकअपपाशी उभा होता, तेव्हा हितेंद्र खांबाच्या आड सरकला होता, तो पिकअप घेऊन जाईपर्यंत.

"झुलालभाऊ," ज्योत्स्ना म्हणाली, "हेच का?"

झुलालने तांब्या खाली ठेवला. "जाऊ द्या ना ताई. झायं ते झायं."

"हेच का, तेवढंच सांगा."

"हाऊच भाऊ शे." तो हितेंद्रकडे न बघता बोलत होता. "मी मोटरसायकल काढी, चार मैलवर गाठा. बाजूले लागीसन सांगं, भाऊ, तुमना मांगला जोडीदार पडी ग्या. भाऊनी अंगठा दखाडा आनि चालना गया. माले वाटनं, आयकू नई उनं व्हई. मंग मी पिकअप देखाले गऊ."

मंदाबाईने तांब्या उचलून हितेंद्रपुढे धरला. त्याने तो घेतला आणि तसाच धरून उभा राहिला.

सायकलवाला दिसला की या रस्त्यावर माणसं ओरडायचीच. कोठून आलात, सायकल केवढ्याची. तो अंगठा दाखवून पुढे निघायचा. पण त्या दिवशी त्याला ऐकू आलं होतं. 'पडी ग्या' स्पष्ट ऐकू आलं होतं. भूपेंद्र पूर्वीही दोनदा पडला होता, खरचटलं तरी हसत उठला होता. आणि पुढच्या गावापर्यंत आजवरच्या सगळ्यात कमी वेळात पोचायला हितेंद्रला फक्त पाच किलोमीटर उरले होते. तो पोचलाही. मोबाइलवर आलेला वेळ त्याने भूपेंद्रला दाखवायचा म्हणून जपून ठेवला होता. एका टपरीवर वाट बघत बसला आणि मग वळला, तोवर पिकअप भूपेंद्रला घेऊन गेली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "मला वाटलं..."

"डॉक्टरांना मी विचारलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. तिची बोटं शेंगा सोलायची थांबली नव्हती. "तुम्ही लगेच वळला असता तरी वाचले नसते म्हणाले. अटॅकच तेवढा मोठा होता. ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून आज घेऊन आले. वाटेत तुम्ही आपणहून बोलाल असं वाटलं होतं."

हितेंद्रच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. तो ओट्याच्या पायरीवर बसला. झुलाल गोठ्याकडे निघून गेला होता.

"तो..." हितेंद्रने मंदाबाईकडे पाहिलं. "तो शुद्धीवर होता?"

"व्हता ना भाऊ. बोले बी." म्हातारीने ज्योत्स्नाकडे पाहिलं.

"काय म्हणाला? माझं काही... वहिनी, काय म्हणाला तो?"

ज्योत्स्नाने सोललेले दाणे सुपात टाकले आणि हात झटकले. ती उठली, म्हातारीच्या पाया पडली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट ओढून बसवला.

"ते नाही सांगणार तुम्हाला," ती म्हणाली.

तिने सायकल अंगणाबाहेर काढली, दोनदा अडखळली, मग तिला तोल सापडला आणि ती उताराला लागली. हितेंद्र जागचा उठला नाही. मंदाबाईने रिकामा तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला, आत जाऊन पुन्हा भरून आणला आणि त्याच्याजवळ पायरीवर ठेवला.