आधी सांगायचं

माझ्या कमरेला वीसेक वर्षं रिव्हॉल्व्हर होतं. नाशिकच्या एका वाचनालयाचा ग्रंथपाल आणि रिव्हॉल्व्हर, हे ऐकून लोक हसतात. मलाही ते कधी खरं वाटलं नाही. वाचनालयाच्या दारात एका माणसाला भोसकताना मी पाहिलं, कोर्टात तसं सांगितलं, धमक्या सुरू झाल्या, आणि शेवटी पोलिसांनीच मला परवान्यासाठी अर्ज करायला लावला. साक्ष धैर्याने दिली की खोटं बोलणं जमत नाही म्हणून दिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सरावाखेरीज मी एकही गोळी झाडली नाही.

पण पोलिसांशी कायमचा संबंध जडला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचं, निकालानंतर परत आणायचं. रांगेत माझ्या पुढेमागे गळ्यात जाड साखळ्या घातलेली माणसं, आणि मध्ये मी, कापडी पिशवी छातीशी धरून. नाकाबंदीत कसं वागायचं हे एका फौजदाराने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. "सर, दोन्ही हात पुढे, दिसतील असे. आधी तोंडाने सांगायचं, परवान्याचं हत्यार आहे म्हणून. कमरेकडे हात नंतर. उलटं केलंत तर अंधारात आम्हाला तुम्ही ग्रंथपाल दिसणार नाही." मी ते पाठ केलं. पाठ करणं तेवढं मला जमतं.

सुनंदा, माझी पत्नी, गेली आणि मुलाने, नचिकेतने, मला भेटीच्या व्हिसावर कुवेतला बोलावलं. रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं. होल्स्टर मात्र बॅगेत कपड्यांखाली घालून आणलं. कमरेला ते वजन नसलं की मला चालताना तोल गेल्यासारखं वाटतं. त्यात मी वाचायचं भिंग ठेवू लागलो. वरून शर्ट सोडलेला, त्यामुळे नचिकेतला पत्ता नव्हता. सांगायला हवं होतं. रोज राहून जायचं.

त्या संध्याकाळी आम्ही सुनेला, श्वेताला, जाब्रियाच्या क्लिनिकमधून ड्युटी संपल्यावर आणायला निघालो होतो. हवेत धूळ होती. नचिकेत मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. त्याच्या गेटपासचं नूतनीकरण अडलं होतं आणि तो सबंध रस्ताभर तेच बोलत होता.

"सिक्युरिटी क्लिअरन्स चाललाय, बाबा. आत्ता पोलिसात नुसतं नाव जरी लागलं ना, तरी पास गेला. पास गेला की नोकरी, नोकरी गेली की इकामा, इथे राहायचा परवानाच. मग सगळं आवरून परत."

"नाव कशाला लागेल तुझं?" मी म्हणालो.

पुढच्या वळणावर निळे-लाल दिवे होते. चेकपॉइंट. नचिकेतने काच खाली केली, आपला बताका, म्हणजे ओळखपत्र, पुढे धरला. एका तरुण पोलिसाने वाकून माझ्या तोंडावर टॉर्च मारला.

माझे हात आपोआप डॅशबोर्डवर गेले. आणि तोंडाने, माझ्या आधी, सांगून टाकलं, "साब, लायसन्सवाला पिस्तूल है."

"बाबा!" नचिकेतचा आवाज चिरकला.

पोलीस एक पाऊल मागे झाला. त्याचा हात त्याच्या कमरेकडे गेला. तो अरबीत ओरडला, दुसरे दोघे धावत आले. आम्हाला उतरवून बॉनेटवर हात टेकायला लावले. पत्रा तापलेला होता. कुणीतरी माझा शर्ट वर केला आणि होल्स्टर दिसलं.

"हे काय आहे?" नचिकेत पुटपुटला. "बाबा, हे काय आहे?"

 मी पत्र्यावर टेकलेल्या त्याच्या तळहातांकडे बघत होतो.

एक वयस्कर अधिकारी सावकाश चालत आला. मिशा पांढऱ्या, डोळे जागरणाचे. त्याने होल्स्टरचं बटण उघडून भिंग बाहेर काढलं, मग टॉर्चच्या उजेडात माझा पासपोर्ट त्यातूनच पाहिला.

"सदानंद," तो म्हणाला. मग मोडक्या हिंदीत, "बाबा, पिस्तूल किधर?"

"नाशिक में. पोलीस के पास. जमा."

"उधर पोलीस के पास है, तो इधर हमको क्यों बोला?"

"आदत," मी म्हणालो. "हमको सिखाया, पोलीस दिखा तो पहले बोलने का. नहीं बोला तो गोली."

त्याने तरुण पोलिसाला ते अरबीत सांगितलं. तरुण हसला नाही. तो वायरलेसकडे बोट दाखवत काहीतरी म्हणत राहिला; ठाण्यावर कळवू या, असं असावं. नचिकेतचा बताका अधिकाऱ्याच्या हातात होता. तो कार्डाच्या कडेने अंगठा फिरवत उभा होता. नचिकेत अधिकाऱ्याकडे नाही, त्या बताक्याकडे बघत होता.

"मेरी गलती है," मी म्हणालो. "बेटे को मालूम नहीं था. लिखना है तो मेरा नाम लिखो."

"तेरा नाम क्या करूँ? तू तो घर जाएगा," अधिकारी थकून म्हणाला. "इधर पिस्तूल बोलेगा तो बेटा जेल, बाबा एअरपोर्ट. समझा?"

"समझा."

 मग त्याने बताका नचिकेतला दिला, भिंग मला दिलं, होल्स्टर स्वतःच्या काखेत मारलं. "ये इधर रहेगा. यल्ला, जाओ."

आम्ही क्लिनिकला पोचलो. श्वेता जेवणाचा डबा घेऊन मागे बसल्यावर तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय झालं? भांडलात?"

"घरी सांगतो," नचिकेत म्हणाला.

"बाबा, तुम्ही तरी सांगा."

"माझ्यामुळे याची नोकरी जात होती," मी म्हणालो.

"गेली नाही ना? मग एसी वाढव रे. मी सकाळपासून उभी आहे."

कंबर हलकी झाली होती. मी सीटबेल्ट ओढून ओढून बघत होतो.

हायवेला लागण्याआधी पुन्हा दिवे दिसले. दुसरा चेकपॉइंट. नचिकेतने वेग कमी केला. माझे हात मांडीवरून उठले. मी थांबवत होतो, तरी उठले. त्याने माझ्याकडे न बघता मागे हात केला, श्वेताचा डबा घेतला आणि माझ्या हातात कोंबला.

"हा धरा. दोन्ही हातांनी."

पोलिसाने काचेतून आत पाहिलं. वाक्य जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं जे सांगितल्याने जीव वाचेल असं समजत होतो, ते मी गिळलं, आणि काहीतरी लपवल्यासारखं वाटलं. लपवायला आता काहीच नव्हतं.

"यल्ला," पोलीस म्हणाला.

गाडी बरीच पुढे गेल्यावर मागून श्वेता म्हणाली, "बाबा, सोडा आता. आमटी सांडतेय."