चौकशीचा पाहुणा

एवढ्या मोठ्या कंपनीने आपल्याला घेतलंच कसं, हा प्रश्न प्रीतीला पत्र आल्यापासून सुटत नव्हता. साल २००६. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., त्यानंतर दोन वर्षं इचलकरंजीत हंबीररावांच्या लॅबमध्ये सुताचा पीळ आणि ताकद मोजायचं काम. कॉम्प्युटरशी ओळख जेमतेम. तरी पुण्याच्या त्या आयटी कंपनीने तिप्पट पगार, न्यायला-आणायला बस आणि दुपारचं जेवण देऊ केलं होतं. तिथेच असलेला तिचा मामेभाऊ प्रसेनजीत म्हणाला, सगळं खरं आहे. फक्त काम नसलं की महिनोन् महिने नुसतं बसवून ठेवतात आणि मग एक दिवस आत बोलावतात. कशाला बोलावतात, ते त्याने सांगितलं नाही.

तरी प्रीतीने राजीनामा दिला. हंबीररावांनी तो खणात टाकला आणि महिनाअखेरपर्यंत विचार कर म्हणाले.

मंगळवारी ती कोल्हापुरात घरी परतली, तर शेजारच्या सोनूबाई दारातच उभ्या. दुपारी मोटरसायकलवरून एक पावणं आलतं, हातात कागद, तुझीच चौकशी करत होतं, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. लग्न ठरवण्याआधी मुलाकडचे लोक शेजारीपाजारी आडून विचारपूस करतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. सोनूबाईंनी त्याला चहा पाजला आणि प्रीतीचं तोंडभरून कौतुक केलं.

"नोकरी करती का, म्हणून इचारलं. म्हटलं, छ्या, उंबऱ्याभाईर पाऊल न्हाय पोरीचं. सही बी करून दिली की."

मुलाकडचे सही कशाला घेतील, असं प्रीतीने विचारलं. गुरुवारी कंपनीचा फोन आलाच. अर्जात दोन वर्षांचा अनुभव लिहिलाय आणि शेजारी म्हणतात, मुलगी नोकरीच करत नाही. पुन्हा तपासणी होईल, तोवर नेमणूक थांबवली आहे.

रविवारी तोच माणूस आला. उमेदवारांची माहिती पडताळायला कंपनीने नेमलेला, नाव कृष्णात. प्रीतीने पगाराच्या पावत्या आणि लॅबचा दाखला पुढे ठेवला, आणि शेजारून आलेल्या सोनूबाईंनीही पोरगी दोन वर्षं नोकरीला जाते असं सांगितलं. त्याने एकेक कागद उजेडात धरला, शिक्क्यावर अंगठा घासून पाहिला आणि मग सोनूबाईंकडे वळला.

"मावशी, त्या दिवशी एक बोललासा, आज दुसरंच. खरं कुठलं धरू?"

"आजचं. तवा वाटलं, पोरगी बघाय आलासा. जमत आलेलं मोडू ने म्हणून बोलले."

"आणि काय लपवलंय?"

सोनूबाईंनी जरा आठवून पाहिलं. "डोसकं लई गरम हाय तिचं."

त्याने तेही लिहून घेतलं. प्रीतीने कागद बघायला मागितला, तर हा कंपनीचा कागद म्हणत त्याने तो घडी करून खिशात घातला.

आठवड्याने फोन आला: तपासणी पूर्ण, एक तारखेला रुजू व्हा. प्रीतीचे वडील धोंडीराम पेढे आणायला निघाले. सोनूबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"त्येंनी दोन बारी माणूस धाडला. आपल्यातलं कोण गेलतं त्येंची चौकशी कराय?"

धोंडीराम चपला घालायचे थांबले. त्यांनी प्रीतीकडे पाहिलं. राजीनामा अजून खणातच होता आणि महिना संपायला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी प्रीतीने रजा टाकली आणि सकाळची पुण्याची एसटी धरली. संध्याकाळी माणसं सुटायच्या वेळेला कंपनीच्या फाटकाबाहेर उभं राहायचं, एवढं तिने ठरवलं होतं. प्रसेनजीतला मात्र तिने कळवलं नाही.