दुसरा हात

तुम्ही खोटं लिहिलंत. 'पाण्यात सगळे सारखे' ही हातभर उंचीची अक्षरं ज्यांनी पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर रंगवून घेतली, त्या समितीच्या साहेबलोकांना हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? दरवर्षी निळा रंग लावून ती अक्षरं उजळणारा माणूस आत्ता तलावाच्या काठावर उभा होता आणि त्याची मुलगी चार नंबरच्या पट्टीत, गळ्याइतक्या पाण्यात धापा टाकत होती. शर्यत संपली होती. ती पहिली आली होती. तिच्यात आणि दुसऱ्या आलेल्या मुलीत एक आख्खा माणूस आडवा झोपला असता, एवढं अंतर.

पण पंच म्हणून बसलेल्या समितीच्या साहेबांचा हात वर होता.

"चार नंबर बाद!"

"बाद म्हणजे?" त्यानं शेजारी उभ्या, तलावावर पोहणं शिकवणाऱ्या सरांना विचारलं.

"बाद म्हणजे बाद रे, क्लोरीन."

क्लोरीन हे त्याचं तलावावरचं नाव. एकोणीस वर्षं तलाव साफ करून वास अंगातच मुरला होता. बायको म्हणायची, "तुम्ही घरात शिरलात की झुरळंसुद्धा शेजारी राहायला जातात." तो हसायचा. ज्या घरात आंघोळीला एक बादली पाणी मोजून यायचं, त्या घरातला माणूस दिवसभर लाखो लिटर पाणी राखायचा.

मुलगी सात वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर पहाटे यायची. तलावाच्या खोल टोकाला कोपऱ्यांत गाळ बसतो आणि दांड्याचा ब्रश तिथवर पोचत नाही. समितीकडे तीन अर्ज देऊनही मशीन आलं नाही. एकदा तो कोपऱ्याकडे बघत डोकं खाजवत बसला होता, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी जाते ना खाली." तेव्हापासून तीच जायची. डाव्या हातात गाळ ओढणारा पाइप छातीशी धरायचा, पायांनी पाणी मारत जायचं, उजव्या हातानं भिंत शिवायची, वळायचं. पाइप सोडायचा नाही, सोडला की गाळ परत पाण्यात पसरतो. सात वर्षं हेच. एक हात कायम कामाला जुंपलेला, म्हणून पोहण्याचं सगळं काम पाय शिकले.

सरांनी एकदा लवकर येऊन ते पाहिलं आणि खिशातलं घड्याळ काढलं. मग घड्याळाकडे बघतच राहिले.

"अरे, हिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर. पाइपनं."

सर खदाखदा हसले. "उपजत आहे पोरगी! देवानंच पाठवलीय शिकवून. हिला वेगळं काय शिकवायचं?"

आणि खरंच नाही शिकवलं. निवड चाचणी सगळ्यांना खुली होती, पण संध्याकाळचा वर्ग फक्त सभासदांच्या मुलांना. चाचणीतून क्रीडा प्रबोधिनीत एकच मुलगी घेणार होते. निवड झाली की वसतिगृह, शाळा, खाणंपिणं, शिक्षण, सगळं त्यांच्याकडे. वयाची अट चौदा. पुढच्या महिन्यात तिला पंधरावं लागणार होतं. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

"साहेब, चूक काय झाली ते तरी सांगा," तो पंचांच्या टेबलासमोर जाऊन म्हणाला.

"ब्रेस्टस्ट्रोकला शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. हिनं एकच लावला. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"कोणाला?"

साहेबांनी कागदातून मान वर केली नाही.

तो पट्टीपाशी येऊन गुडघ्यावर बसला. मुलीचा उजवा हात अजून भिंतीवर होता. डावा छातीशी, मूठ वळलेली.

"दुसरा हात कुठं होता गं तुझा?"

"कुठं म्हणजे? इथंच. असतो तिथं." मग तिनं स्वतःच्या मुठीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा... पाइप नव्हता ना आज?"

साहेबांचं ते 'दोन्ही हात' त्यानं आधीही ऐकलं होतं. एकदा नाही, रोज. संध्याकाळी तो काठावर पाणी मारत असायचा आणि सर घसा फोडून ओरडायचे, "दोन्ही हात! दोन्ही हात!" एकोणीस वर्षं ते त्याच्या कानावर पंपाच्या घरघरीसारखं पडत होतं. ते दुसऱ्यांच्या पोरांशी चाललेलं बोलणं होतं आणि दुसऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकायचं नसतं, एवढी शिस्त नोकरीनं त्याला लावली होती. पोरांनी टाकून दिलेले गॉगल त्यानं घरी नेले. पट्टा तुटलेला गॉगलसुद्धा दोऱ्यानं शिवून पोरीला दिला. तेवढे दोन शब्द काठावर फुकट पडले होते. ते उचलायचे राहिले.

दुसरी आलेली मुलगी, समितीच्या सेक्रेटरीसाहेबांची, टॉवेल गुंडाळून आली. आता निवड तिची होती.

"सर, पण ती माझ्या केवढी पुढं होती!"

"तू गप बस. अभिनंदन तुझं."

ती याच्याकडे वळली. पोरगी वाईट नव्हती. "काका, मीपण असंच करायचे. पहिल्या वर्षी सर शंभर वेळा ओरडले असतील मला."

तिच्या बापानं तिला पोहणं विकत घेऊन दिलं नव्हतं. पोहणं विकत मिळत नाही. शंभर वेळा चुकायची सोय मिळते. आपल्या पोरीला एकदाच चुकायला मिळालं, तेही आज.

"जाऊ दे रे," सरांनी खांद्यावर हात ठेवला. "हिच्यात गुण आहेत, ते कुठं जातात?"

"गुण नाही जात, सर. पोरगीच कुठं जात नाही."

साहेब कागद आवरत होते. "नियम मी नाही केले बाबा. नियम सगळ्यांना सारखाच. आणि तळाला गाळ दिसतोय. चारला वर्ग आहे, त्याआधी साफ करून घे."

"करतो."

तो पंपाच्या खोलीत जाऊन पाइप घेऊन आला. मुलगी पाण्याबाहेर आली होती. तिनं सवयीनं पाइपचं वेटोळं घ्यायला हात पुढं केला. त्यानं मान हलवली आणि पाइप दिला नाही. तो तसाच फरशीवरून ओढत टेबलापर्यंत नेला आणि त्याचं टोक साहेबांच्या डाव्या हातात दिलं. बुटांवर पाणी ठिबकायला लागलं. सर मधे पडायला निघाले, पण सेक्रेटरीच्या मुलीनंच त्यांची बाही धरली.

"काय चावटपणा आहे हा?"

"घट्ट धरा, साहेब. सोडायचा नाही, गाळ पसरतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "तळ स्वच्छ राहिला पाहिजे, चारला वर्ग आहे. आणि आता त्या भिंतीला दोन्ही हात लावून दाखवा."

पंप घरघरत होता.

"सांगा ना, साहेब. कसे लावायचे?"