उसने कोट

दवाखान्यांसाठी पांढरे कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात बटणविभाग मावशीच्या ताब्यात होता. अकरा यंत्रं, अकरा बायका आणि वर मावशी. वीस वर्षं तिनं हा संसार हाकला होता. तिच्या तोंडाला मालकही वचकून असे, पण मन लोण्याचं. कुणी रडवेलं दिसलं की मावशीचं सगळं शहाणपण वितळायचं, आणि डावरीच्या बाबतीत घोळ झाला तो तिथूनच.

डावरी चोवीस वर्षांची. जन्मापासून उजवा हात कोपराखाली बारीक, बोटांत पकड नाही. त्या हातानं कापड दाबून धरायची आणि बाकी सगळं डाव्यानं करायची. हे नावही तिनं स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पाठीमागे ठेवाल त्यापेक्षा तोंडावर ठेवा," असं म्हणून. मालकानं तिला दोन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. शेवटच्या शनिवारी तो समोर बसून काम बघणार होता. दिवसाला साठ कोट निघाले तर नोकरी कायम, नाही तर परत घर.

घरी भाऊ आणि वहिनी. भाऊ प्रेमळ, फारच प्रेमळ. "तू बस गं, तुला कशाला त्रास," म्हणत तिच्या हातातला झाडूसुद्धा काढून घ्यायचा. या प्रेमातून रोजचे आठ तास तरी सुटावं म्हणून डावरीला ही नोकरी हवी होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं हे मावशीला सांगितलंही. मावशीनं डोळे पुसले. ऐकलं मात्र काहीच नाही.

बटणविभागाची एक जुनी रीत होती. एखादीला ताप आला किंवा तिचं पोर आजारी पडलं, की बाकीच्या आपापले एक-दोन कोट तिच्या गठ्ठ्यात सरकवत. याला 'उसनं घालणं' म्हणत. बरं वाटलं की ती ते फेडायची, आणि नाही फेडलं तर चिमणी तिला सोडायची नाही. चिमणी म्हणजे विभागातली सगळ्यात आडव्या अंगाची आणि सगळ्यात तोंडाळ बाई. तिचं नाव चिमणी कुणी ठेवलं देव जाणे.

पहिल्या आठवड्यात डावरीचे चाळीसही होईनात. मावशीनं खूण केली आणि उसनं सुरू झालं. डावरी पाणी प्यायला उठली की गठ्ठा फुगायचा. संध्याकाळी मावशी मोठ्यानं म्हणायची, "साठ! शाब्बास पोरी!" मालकालाही हाच आकडा जायचा.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी मोजणीच्या वेळी, डावरी उठली आणि आपला गठ्ठा विस्कटून एकेक कोट बाजूला काढू लागली. ती बटणं खालून वर लावायची, बाकीच्या वरून खाली. शेवटचा दोरा कुठे राहिलाय ते पाहिलं की कोट कुणाचा ते कळत होतं. एकोणीस कोट निघाले. ते तिनं चिमणीच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"हे तुमचे सगळ्यांचे. माझे एक्केचाळीस."

"अगं, उसनं आहे ते," चिमणी म्हणाली.

"उसनं? मागच्या महिन्यात तुमचं पोर आजारी होतं, तेव्हा मी चार कोट घालायला आले होते. तुम्ही म्हणालात, राहू दे बाई, तुझं तुलाच जड. उसनं दिलेलं परत घेतात. परत घेत नाहीत ती भीक."

मावशी चाचरत म्हणाली, "पण पोरी, शनिवारी…"

"शनिवारी मालक समोर बसणार, मावशी. तेव्हा कोट कसे सरकवाल?"

हा साधा विचार त्या सगळ्यांत एकीच्याही डोक्यात आला नव्हता. दया आली की अक्कल गहाण पडते, दुसरं काय! मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खुर्ची ओढली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "तुला अडतं कुठं?"

उत्तर तयारच होतं. कोटांची पेटी यंत्राच्या उजवीकडे, आणि डावीकडे भिंत. प्रत्येक कोट घ्यायला डावरीला अर्धं उठून वळावं लागे. "यंत्र भिंतीपासून हलवा आणि पेटी डावीकडे ठेवा. एवढंच."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"पहिल्याच आठवड्यात बोलले होते. तुम्ही म्हणालात, तू कर हळूहळू, आम्ही आहोत ना."

मेस्त्री कुरकुरला, "वीस वर्षं जागचं हललं नाही ते यंत्र." मावशीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अर्ध्या तासात यंत्र भिंतीपासून दोन हात सरकलं आणि पेटी डावीकडे आली. गुरुवारी एक्कावन्न कोट झाले, शुक्रवारी पंचावन्न.

शनिवारी मालक दिवसभर बसून होता. संध्याकाळी मावशीनं मोजलं. सत्तावन्न. पुन्हा मोजलं तरी सत्तावन्नच. तेवढ्यात मालकाचा फोन वाजला आणि तो पाठ फिरवून बोलू लागला. चिमणी तीन कोट पाठीमागे धरून टेबलाशी येऊन उभीच होती. मावशीचा जीव खालीवर झाला. तीन कोटांचा तर प्रश्न! डावरी मावशीकडेच बघत होती. मावशीनं चिमणीला नकारार्थी मान हलवून दाखवली.

"सत्तावन्न," मालक वळल्यावर ती म्हणाली. "आणि साहेब, दोन महिने मी साठ सांगत होते ते खोटं. यंत्र बुधवारी हललं. त्याआधी हिला आम्ही काम करूच दिलं नाही."

मालकाच्या कपाळाला आठी पडली. "आणि मी डोळे मिटून तुझा आकडा मानतोय!" मग तो डावरीकडे वळला. "बुधवारी किती झाले होते?"

"एक्केचाळीस."

"आज सत्तावन्न. सोमवारी साठ होतील?"

"सोमवारचं सोमवारी सांगेन. आत्ता सांगितलं तर मीही खोटी ठरेन."

मालकाला हसू आलं. "राहा तू. कायम. आणि सोमवारपासून संध्याकाळची मोजणी तूच कर. इथे खरं मोजणारं एक तरी माणूस पाहिजे."

मावशीला झोंबलं. वीस वर्षांची मोजणी एका वाक्यात गेली. तिला रागही आला आणि आनंदानं रडूही, आणि कशाचं किती ते तिचं तिलाच ठरवता येईना.

सोमवारी संध्याकाळी डावरीनं चिमणीचा गठ्ठा मोजला. "अठ्ठावन्न."

"साठ आहेत! नीट मोज!"

"दोनदा मोजले. अठ्ठावन्न."

"काल आलेली पोर, मला मोजायला शिकवतेस?"

"शिकवायलाच हवं, आजवर कुणी शिकवलेलं दिसत नाही!"

दोघींचे आवाज पार मेस्त्रीच्या खोलीपर्यंत गेले. दोन महिन्यांत डावरीशी त्या विभागात कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. बाकीच्या घाबरून मावशीकडे बघू लागल्या. मावशी उठली, आपला डबा पिशवीत घातला आणि म्हणाली, "भांडू द्या त्यांना."