परातीतलं रक्त

पिशोरजवळच्या सोनाजीच्या शेतातल्या आखाड्यावर शनिवारी पाय ठेवायला जागा नसे. लेकरांच्या अंगातलं नासकं रक्त बन्सीबाबा सुई न टोचता काढून दाखवी! गालात तंबाखूचा तोबरा, दाढीला लाळ, आणि त्याच ओल्या हातांनी तापलेली अंगं चोळायची. आशाबाईला उठून जावंसं वाटलं. पण मांडीवर सहा वर्षांची लेक दुर्गा होती आणि पाठीशी सासूबाई बसल्या होत्या.

दुर्गाचा ताप उतरायचं नाव घेत नव्हता. चेहरा पांढराफटक, हिरड्यांतून रक्त, रात्रंदिवस पाय दुखायचे, आणि कुठं न पडता अंगावर काळेनिळे डाग उठायचे. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं, "रक्ताचा कॅन्सर वाटतोय. लगेच शहरात न्या. लहान लेकरांचा हा आजार बहुतेकदा बरा होतो, पण वेळ घालवू नका." चतुराबाई सासूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला, "कशाचा कॅन्सर! डाकिणीनं चिमटे घेतलेत पोरीला."

"लई जुनी डाकीण हाय, माय!" बाबा डोळे गरगरवीत ओरडला. "पोरीचं रक्त पिती अन् उष्टं आत ठिवती! पर म्या तिच्या बापाचा बाप हाय!" त्यानं कणकेचा गोळा डागांवर घोळवला, काहीबाही पुटपुटला आणि परातीतल्या पाण्यात बुडवला. गोळा लालभडक झाला. बायका किंचाळल्या, चतुराबाईंनी बाबाचे पाय धरले.

"आता दवाखान्याची पायरी चढायची नाय," बाबानं बजावलं. "सुई लागली की डाकीण चवताळती."

आशाबाईचं लक्ष बाबाच्या पूजेच्या ताटातल्या दुसऱ्या गोळ्यावर गेलं. कणीक एवढी पिवळी कशी? तिला स्वतःच्या लग्नातली हळदीची साडी आठवली. साबण लावताच साडी लाल झाली होती, आणि रक्त समजून ती भर अंगणात रडली होती.

"आत्याबाई, माझ्या हळदीच्या साडीला साबण लावला तवा तुमीच हसला होता ना? काय म्हणला होता?"

"हळदीला साबण नायतर चुना लागला की ती लाल हुती," चतुराबाई सवयीनं बोलून गेल्या आणि त्यांची नजर परातीकडं वळली.

आशाबाईनं सासूबाईंच्या पानाच्या चंचीतला चुना तळहातावर घेतला, बाबाच्याच ताटातली हळद त्यात टाकली, थेंबभर पाणी घालून चोळली. हात लाल झाला. तो तिनं सगळ्यांपुढं धरला. "घ्या! माझ्या हातातली डाकीण कोण काढतं?"

"बाई बाटली! कोप हुईल!" बाबा परात ओढू लागला. चतुराबाईंनी ती घट्ट धरली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथंच थुंकल्या.

"चुन्याची निवळी हाय, मुडद्या! मरायला टेकलेल्या लेकरांशी खेळतुस व्हय?" त्यांनी दुर्गाला कडेवर घेतलं. "चल आशे, यष्टी गाठू."

शहरात तपासणीत रक्ताचा कॅन्सरच निघाला आणि दुर्गावर उपचार सुरू झाले. केस गळाले, उलट्या झाल्या, पण ताप उतरला आणि डाग विरले. उपचार लांबणार आहेत. डॉक्टरांनी आशा दिली, आणि मधेच औषध न सोडण्याची ताकीदही.

हा आजार हाडांच्या आतल्या मगजात मुरलेला असतो. कातडीवर कणीक घोळवून तो निघत नाही. न उतरणारा ताप, फिकटपणा, हाडं दुखणं, उगाच उठणारे डाग दिसले तर रक्त तपासून घ्या. आणि 'दवाखान्यात जाऊ नका' असं जो सांगतो, तो बाबा असो की बुवा, त्याला तुमचं लेकरू मेलं तरी चालणार आहे.