पुसलेली भरती

मी रत्नागिरीच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटातून बोलतोय. पोटात दिवा, पुढे भिंग, डोक्यावर धुराडं असा माझा अवतार. लोक मला जादूचा कंदील म्हणतात. जादू कसली डोंबलाची, पण नाव झकास आहे म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

जन्म माझा जर्मनीतला. बंदरावरच्या एका गोऱ्या साहेबाने पाहुण्यांना आपल्याकडच्या बर्फाची चित्रं दाखवायला मला आणलं. १९२६ साली त्याची बदली झाली, तेव्हा त्याने मला दत्तात्रेय मास्तरांना देऊन टाकलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. माणूस भला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की समोरचं ताट गार होऊन जायचं. मला बघून त्यांच्या डोक्यात शिरलं ते हे, की मुलांना भरती-ओहोटी पडद्यावर हलताना दाखवायची.

नुसतं चित्र दाखवणं सोपं. ते हलवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. काशीराम सुताराने एका चौकटीत दोन काचा बसवल्या. मागची घट्ट, तिच्यावर पृथ्वी आणि पृथ्वीच्या काठावर आपलं दीपगृह. पुढची गोल, तिच्यावर चंद्र आणि चंद्राच्या बाजूला फुगलेलं निळं पाणी. चरख्याची दोरी लावून मूठ फिरवली की चंद्र फिरणार आणि पाणीही त्याच्याबरोबर फिरणार, असा बेत. पहिल्याच दिवशी दोरी घसरली आणि चंद्र अर्ध्या वाटेत अडकून बसला. काशीराम महिनाभर रोज मास्तरांवर वैतागायचा, आता येणार नाही म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन हजर व्हायचा.

रंगकाम सगुणावहिनींचं. त्यांच्या घरी गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायचं काम चालायचं, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्या करायच्या. हात असा की केसाएवढी रेघ कधी थरथरली नाही. पण मूर्तीचा रंग माझ्या दिव्यापुढे टिकेना. पहिला समुद्र दहा मिनिटांत पोपडे धरून गळून पडला. दुसऱ्याला पावसाळ्यात बुरशी आली. तिसऱ्या खेपेला वहिनींनी रंगात राळ आणि जवसाचं तेल घातलं, तेव्हा कुठे पाणी काचेवर थांबलं. चंद्राला मात्र त्यांनी डोळे काढले होते. मास्तरांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, गोल चेहरा आंधळा ठेवायला हात धजत नाही. मास्तरांनी डोळे राहू दिले.

हेडमास्तरांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. आधी गावातल्या जाणत्या माणसांना दाखवा, त्यांना पटलं तर शाळेत आणा, नाहीतर हा डबा पालीच्या बाजारात विकून टाका, असं त्यांनी बजावलं. डबा म्हणजे मी. मास्तरांची दोन वर्षांची मेहनत आणि माझं नशीब एका खेळावर येऊन ठेपलं.

मास्तरांनी दिवस निवडला गणेश चतुर्थीचा. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, माणसं भरपूर जमणार, एवढाच त्यांनी विचार केला. तिन्हीसांजेला, आरत्या सुरू व्हायच्या आधी, बंदराजवळच्या एका वखारीत धोतराचा पडदा टांगला. हेडमास्तर पुढच्या बाकावर बसले. मास्तरांनी काच सरकवली, पडद्यावर चंद्र उगवला, आणि भरलेल्या वखारीने एकदम माना खाली घातल्या.

चतुर्थीचा चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो, हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. विसरले होते ते फक्त मास्तर. हा खरा चंद्र नाही, काचेवरचा आहे, असं ते काकुळतीने सांगू लागले. त्यावर भिकाजी खोत जमिनीकडे बघतच म्हणाले, "आळ काय काच बघून थांबतो होय, मास्तर?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मला त्यांची फार दया आली. तेवढ्यात बायकांमधून सगुणावहिनी उठल्या आणि काळ्या कागदाचा तुकडा लाळेने भिजवून त्यांनी काचेवरच्या चंद्रावर चिकटवला. चंद्र गेला, राहिलं नुसतं पाणी. माना हळूहळू वर आल्या. मास्तरांनी मूठ फिरवली, निळं पाणी सरकत सरकत दीपगृहापाशी चढलं, उतरलं, पुढे गेलं. कोणीतरी वा म्हणालं. हेडमास्तरांनीसुद्धा चष्मा पुसून पुन्हा लावला.

तेव्हा जवळच्या मिऱ्या गावावरून आलेली राही उभी राहिली. राही मासळी विकायची, तिचा दिवसच भरतीच्या हिशेबाने उगवायचा. चंद्र झाकलेला, म्हणून तिची नजर फक्त पाण्यावर होती.

"मास्तरानू, भरती दिसातना दोनदा येते," ती म्हणाली. "तुमच्या दर्याला येकदाच कशी आली?"

वखारीत कुजबुज सुरू झाली. मास्तर सारवासारव करू शकले असते. चूक सुताराची, रंगाची, नाहीतर माझी, असं काहीही सांगून सुटले असते. पण मूठ सोडून ते लोकांकडे वळले.

"पुस्तकात पाणी दोन्ही बाजूंना फुगलेलं आहे," ते म्हणाले. "पलीकडचं का फुगतं ते मला समजलं नाही. समजावता येणार नाही म्हणून वहिनींनी काढलेलं मीच पुसायला लावलं."

आता मी बाजारात, अशी माझी खात्री झाली. पण राहीने पदर खोचला आणि दुसरी भरती रंगवा, आम्ही पुन्हा बघायला येतो, असं सांगून टाकलं. गणपती विसर्जनानंतर पुन्हा खेळ झाला. या वेळी चंद्र डोळे उघडून फिरला, पाणी दोन्हीकडे फुगलं, आणि मास्तरांनी भर सभेत सांगितलं की दुसरी भरती आहे हे खरं, तिचं कारण मी अजून शोधतोय. हेडमास्तर घरी जाताना म्हणाले, शनिवारचा शेवटचा तास घ्या.

कारण सापडायला तीन वर्षं लागली. मुंबईहून मागवलेल्या एका पुस्तकात ते मिळालं, तेव्हा मास्तर शाळेत न जाता मला काखोटीला मारून थेट मिऱ्यावर गेले. राही सुकट निवडत होती. चंद्र जवळच्या पाण्याला सगळ्यात जास्त ओढतो, पृथ्वीला त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्याला आणखी कमी, म्हणून ते मागे राहून फुगतं, असं मास्तरांनी तिला सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं.

आता १९३७ साल चाललंय. शाळेत सिनेमाचं यंत्र येणार म्हणतात. येऊ दे, मी त्याला माझी जागा आनंदाने देईन. माझा पत्रा गंजलाय, भिंगाला चीर गेलीय, पण वहिनींच्या काचा अजून तालुक्यातल्या शाळांमधून फिरतात. त्या यंत्रापुढे जो कोणी उभा राहील त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की बाबा, स्वतःला समजलं नाही ते पुसू नकोस, तसंच दाखव. समोर बसलेल्यांत कोणीतरी राही असते.

त्या दिवशी मिऱ्यावर सगळं ऐकून झाल्यावर राहीने सुपातली सुकट बाजूला ठेवली आणि मास्तरांकडे बघून हसली. "मना समाजलं," ती म्हणाली. "तुमालाबी समाजलं, बरं झालं."